नातेवाईक क्रमांक चार

क्रिमिनल जस्टिसच्या डिग्रीला होते तेव्हा अहवालासाठी जयपूरच्या कोर्टात जाऊन कच्च्या कैद्यांच्या नातेवाइकांशी बोलायचं होतं. कॉलेजचा गणवेश पांढरा शर्ट, काळी पँट. बाकावरच्या म्हातारीने मला वकीलच समजून ओढणीची गाठ सोडली आणि मुलाच्या तारखेचा चुरगळलेला कागद मांडीवर तळहाताने सपाट केला. मी विद्यार्थिनी आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बोललीच नसती. माझी वही भरली.

"अब दूसरा वकील नहीं ढूँढूँगी, बेटी. तू है ना," ती म्हणाली.

मी मान डोलावली.

अहवालाला वर्गात सर्वांत जास्त गुण पडले. त्यात ती 'नातेवाईक क्रमांक चार' आहे, नाव विचारायचं राहूनच गेलं. मी मान डोलावली होती, हे त्यात कुठेच नाही.