गजालानं लावलेली झाडं

खुशालरावांच्या गच्चीवर चढेपर्यंत घशाला कोरड पडली होती, आणि तिथंही झाड नव्हतं. टाकीच्या पाइपाला आणि कूलरच्या स्टँडला बांधलेली हिरवी जाळी होती. तिच्या सावलीत खुशालराव बनियनवर आडवे झालेले. गजालाच्या मोबाइलमधल्या नकाशात मात्र त्याच गच्चीवर चांगलं दोन पुरुष उंचीचं झाड उभं होतं. तिनं जाळीचा फोटो काढला.

खुशालरावांनी डोळे न उघडताच विचारलं, "काहून वं पोरी, सापडलं का झाड?"

"नाही काका."

"मंग पानी पिऊन जाय. समोरही नाही सापडनार."

सकाळपासून आमचं हेच चाललं होतं. अकोल्यातला मे महिना, त्यात माझा गुरुवारचा उपास. पण या गल्ल्यांत मी कित्येक वर्षं अंगणवाडी चालवली, त्यामुळे कोणत्याही घरात मी सरळ जिन्यापर्यंत जाऊ शकते, आणि गजालाला गच्च्याच पाहायच्या होत्या.

गजाला म्हणजे चौकात बांगड्यांची गाडी लावणाऱ्या बिल्कीसची थोरली. माझ्याच अंगणवाडीतली. कागद-खडू दिला की आधी झाड काढायची, मग घर. तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं. आता ती अमरावतीला एका ऑफिसात असते. आकाशातून काढलेला शहराचा फोटो समोर ठेवून त्यावरून नकाशा भरायचा, असं तिचं काम. घर किती उंच, छत पत्र्याचं की स्लॅबचं, रस्ता डांबरी की सिमेंटचा, झाड कुठं. ते सगळं संगणकाला दिलं की दुपारी कोणत्या गल्लीत किती ऊन साचतं आणि वारा कुठं अडतो, हे तो सांगतो. पायात चप्पल नसली की आम्हाला हे न विचारताही कळतं, पण आमच्या तळपायांचा अहवाल कोणी मागत नाही.

गेल्या आठवड्यात त्या संगणकाचा निकाल आला. अकोल्यातली सगळ्यात थंड वस्ती आमची निघाली.

आमच्या भजनी मंडळातल्या दुर्गाबाई म्हणाल्या, बरं झालं, चिखलदऱ्याचं भाडं वाचलं. बिल्कीस गाडीपाशी पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती. ती मात्र अभिमानानं म्हणाली, "मेरी बेटीने लिखा है, तो ठंडाच होगा."

हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच निकालावरून कोणत्या चौकात सावलीचं शेड आणि पाण्याची टाकी येणार, ते ठरत होतं. थंड वस्तीला शेड कशाला? आमचा चौक गळला. मागच्या उन्हाळ्यात बिल्कीस त्याच चौकात, गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवता चढवता चक्कर येऊन पडली होती. सलाईन लागली. घरी बस म्हटलं तर बसत नाही, बाया बाजारातून परततात त्या भर दुपारीच.

हिरवं दिसलं की झाड, हा ऑफिसचा नियम. उन्हाळ्यात वऱ्हाडात वरून हिरवं दिसतं ते बहुतेक जाळ्यांचंच, हे गजालाला माहीत नव्हतं असं तरी कसं म्हणावं? स्वतःच्या घराच्या पत्र्यावरची जाळी तिनंच बांधलेली, आणि तिथंही तिनं झाडच काढलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, स्क्रीनवर आपलं घर आपलं वाटतच नाही. वरून सारे पत्रेच."

खुशालरावांच्या घरून निघालो आणि तिच्या साहेबांचा अमरावतीहून फोन आला. माणूस सभ्य. त्यांनी समजावून सांगितलं की मोबाइलवर काढलेले फोटो पुरावा म्हणून चालत नाहीत, फोटो वरूनच पाहिजे. शनिवारी दुपारी ड्रोन उडवून पुन्हा फोटो काढू. त्यात जे हिरवं दिसेल ते झाड, आणि मग बदल नाही.

म्हणजे चौकाला सावली पाहिजे असेल, तर शनिवारी दुपारी वस्तीतली सगळी सावली सोडून ठेवायची. गजालानं लगेच दोन-चार घरी विचारून पाहिलं. कोणी हसलं, कोणी म्हणालं आधी शेजाऱ्याची निघू दे. मशिदीच्या अंगणातही जाळी आहे, तिथं ती जाऊन आली. मी बाहेर थांबले होते.

शेवटी आम्ही मारुतीच्या देवळापाशी आलो. मी हात जोडले. अंगणावर आमच्या मंडळानं हनुमान जयंतीला बांधलेली मोठी जाळी, नकाशात ते एवढं थोरलं वडाचं झाड झालेलं. शनिवार म्हणजे देवाचा वार. तेल वाहायला सकाळपासून रांग लागते, आणि जाळी नसली तर त्या फरशीवर पाय ठेववत नाही.

गजाला बाहेरच्या ओट्यावर टेकली. तिथून चौक दिसतो. बिल्कीस गाडीच्या सावलीत पाय ओढून बसली होती, आणि सावली तेवढी पुरत नव्हती. गजाला माझ्याकडं वळली.

"बाई," ती म्हणाली, "मशिदीवाले म्हनतात, मंदिराची निघाली का आमी काढतो. मंग बाकीचे त्यायले पाहून काढतीन. माहं कोनी ऐकत नाही, तुमचं ऐकतात. शनिवारी दुपारी थोडा वेळ ही जाळी सोडाले लावा मंडळातल्या बायायले. अन् देवालेही तुमीच सांगा."