भाऊसाहेबांची व्हिएतनामची फाइल

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत मिळून जेवढी काळजी असेल, ती सगळी आमच्या भाऊसाहेबांच्या नावावर चढलेली आहे, असं माझं ठाम मत आहे. बाकीच्या माणसांच्या आयुष्यात काहीतरी घडतं आणि मग त्यांना काळजी लागते. भाऊसाहेबांना ती आधी लागते आणि ती नेमकी कशाची, हे ते सावकाश शोधत बसतात. एसटीत बसले की घाटातल्या वळणांची काळजी, आणि घाट संपून सरळ रस्ता लागला की आता ड्रायव्हरला डुलकी लागेल याची. ते दोन छत्र्या घेऊन फिरतात, कारण एक कुठेतरी विसरणार याची त्यांना खात्री असते. घराला कुलूप लावून निघाले की अर्ध्या वाटेवरून परत जाऊन ते ओढून बघतात. त्यांच्या या सवयीमुळे मोखाड्याचा कंडक्टर हल्ली घंटी मारण्याआधी विचारतो, "भाऊसाहेब, कुलूप बघून झालं का?" आणि ते 'नाही' म्हणाले, तर सगळी गाडी थांबते. निवृत्त होण्याआधी ते एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कुठल्या, ते मी सांगत नाही, कारण सांगितलं तर त्याचीही त्यांना काळजी लागेल.

हेडक्लार्क निवृत्त झाला, तरी फाइल निवृत्त होत नाही. मुलीच्या लग्नाची त्यांनी फाइल केली होती आणि बँडवाल्याला तीन स्मरणपत्रं पाठवली होती. तो बँडवाला घाबरून मुहूर्ताच्या आदल्या दिवशीच हजर झाला. त्यांच्या गुडघेदुखीची वेगळी फाइल आहे आणि तिच्यात डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांना जोडून त्यांचा स्वतःचा शेरा आहे, 'सहमत नाही'. निवृत्तीनंतर पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावर बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बायकांचा गट होता, त्याचं सगळं कागदपत्रांचं काम भाऊसाहेबांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. मला तेव्हा वाटलं, हातातली टाचणी सुटत नाही म्हणून घेतलं असेल. खरं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं.

पाडा तेरा घरांचा. पावसाळ्यात नागली आणि भात, आणि दिवाळी झाली की वीटभट्टी. दरवर्षी दिवाळीनंतर फाट्यावर भट्टीवाल्याचा ट्रक येतो आणि भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं यांच्यासकट सगळा पाडा त्यात चढून जातो, तो पावसाच्या तोंडावर परत येतो. तोवर तेराही घरांना कुलूप असतं. त्या वर्षी या पाड्याची एक टोपली कुणाच्या तरी हातून मुंबईच्या प्रदर्शनात गेली आणि तिथे एका व्हिएतनामी बाईंना ती आवडली. हॉटेलांतल्या दिव्यांवर घालायला त्यांना तसल्या विणीच्या टोपल्या हव्या होत्या. पाडा बघायला त्या स्वतः येणार, असा निरोप आला. काम मिळालं तर पुढच्या पावसापर्यंत पुरणार होतं आणि ट्रकमध्ये चढायची गरज उरणार नव्हती. म्हणजे सगळं त्या बाईंच्या एका होकारावर आलं. एवढी मोठी काळजी भाऊसाहेबांच्या वाट्याला याआधी कधी आली नव्हती.

मी जव्हारला कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ते माझ्या दारात. हातात खोडाळ्याच्या एका दुकानातून छापून आणलेला कागदांचा गठ्ठा. व्हिएतनामला जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी आणि व्यापाऱ्यांनी तिथे कसं वागावं, याची ती माहिती होती. मी म्हटलं, भाऊसाहेब, हे तिकडे जाणाऱ्यांसाठी आहे, ती बाई तर इकडे येतेय. ते गठ्ठा काखेत मारून निघून गेले. दोन दिवसांनी परत आले आणि म्हणाले, "सर, ती बाई रीतभात घरी ठेवून येणार आहे का?" मग मी भाषांतर करायला बसलो.

मग परिपत्रकं निघू लागली. भाऊसाहेब पाड्यावर आंब्याखाली उभे राहून ती वाचून दाखवत आणि गटाची प्रमुख सखूबाई टोपलीचा काठ वळता वळता ऐकत असे. कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं आणि वाचल्यासारखं करायचं. आधी चहा, मग गप्पा, काम सगळ्यात शेवटी. लहान मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही. भातात काडी उभी खोवायची नाही, कारण तिकडे ते मेलेल्या माणसापुढच्या उदबत्तीसारखं दिसतं. तिघांचा फोटो काढायचा नाही, कारण मधल्याचं बरं होत नाही असं तिथली जुनी माणसं मानतात. चारचौघांत कुणाची चूक काढायची नाही. सगळ्यांत शेवटी भाऊसाहेबांनी स्वतःच्या पदरचं एक कलम घातलं होतं, ते म्हणजे पाहुण्यांना वय, लग्न आणि पोरंबाळं विचारायची नाहीत, परदेशी लोकांना ते खपत नाही. हे ऐकून सखूबाईने हातातली टोपली खाली ठेवली. तिने विचारलं, "मंग बोलायचां तरी काय?"

पण भाऊसाहेबांची झोप उडवली ती एका वेगळ्याच वाक्याने. त्या कागदांत लिहिलं होतं की व्हिएतनामी माणूस समोरच्याला तोंडावर नाही म्हणत नाही. तो हसून हो म्हणतो, आणि त्या होचा अर्थ पुष्कळदा फक्त 'ऐकलं' एवढाच असतो. भाऊसाहेबांनी हे वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे पोशेऱ्यासारखंच की, सर." खरंच होतं ते. आमच्याकडे कुणी कुणाला नाही म्हणत नाही. 'येतो ना' म्हणणारा येत नाही, 'बघू' म्हणणारा बघत नाही आणि 'होऊन जाईल' म्हटलं की ते काम बुडालंच म्हणून समजावं. भाऊसाहेबांनी सगळी नोकरी असले होकार ओळखण्यात घालवली होती. नुसत्या खाकरण्यावरून माणूस भातलावणीला येणार की नाही, हे ते सांगत. पण परदेशी हो त्यांनी कधी ऐकला नव्हता.

बाई आल्या त्या भाद्रपद संपता संपता, नाशिकच्या बाजूने गाडी करून. भाऊसाहेबांना गवताची टोकदार टोपी आणि रेशमी पायघोळ झगा अपेक्षित होता. गाडीतून उतरली ती जीन्स आणि पांढरे बूट घातलेली तिशीतली मुलगी. नाव लान. एका हातात कॉफीची बाटली आणि दुसऱ्या हातात फोन. भाऊसाहेब माझ्या कानाशी लागून म्हणाले की आपली माहिती जुनी निघाली, आता काही खरं नाही. पण तिने कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी ते इतका वेळ वाचलं की मला त्यांचा हात खाली करावा लागला.

जेवताना सखूबाईने सवयीने भाताच्या पातेल्यात उलथनं उभं खोवलं. भाऊसाहेब पंगतीतून असे उठले की कुणाला वाटलं विंचू निघाला. उलथनं काढून घेऊन जेवण होईपर्यंत ते पातेल्यापाशी पहारा देत उभे राहिले आणि स्वतः जेवायचे राहिले. फोटोंच्या वेळी तर कहर झाला. लानबाई, सखूबाई आणि भाऊसाहेब असे तिघे उभे राहिले की भाऊसाहेब ओरडत, "लखमा, ये!" लखमा हा पाड्यावरचा सगळ्यांत म्हातारा माणूस. तो बिचारा प्रत्येक फोटोत चौथा म्हणून येऊन उभा राहिला, आणि एकदा तर तोंडात घास असताना आला.

मग लानबाईंनी सखूबाईकडे वळून पहिलाच प्रश्न विचारला आणि तो भाषांतर करून सांगताना मलाच हसू आवरेना. त्यांनी विचारलं होतं, तुमचं वय काय? लग्न झालंय का? मुलं किती? भाऊसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. लानबाईंनी समजावून सांगितलं की आमच्या बोलीत वय कळल्याशिवाय माणसाला हाकच मारता येत नाही. मोठी असेल तर ताई, आणखी मोठी असेल तर मावशी, नातं लावल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. सखूबाईने भाऊसाहेबांकडे असं पाहिलं की त्यांनी तिथल्या तिथे ते कलम रद्द केल्याचं जाहीर केलं. पुढचा प्रश्न त्यांनाच आला. वय किती? भाऊसाहेब चाचरले आणि म्हणाले, "कागदावरचं की खरं?" कारण त्या अंगणात बसलेल्या प्रत्येकाची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक जून होती, भाऊसाहेबांचीही. मास्तरांनी नाव घालताना सोयीची तारीख टाकलेली, खरी आईला ठाऊक, आणि आई गेलेली. मी हे सांगितल्यावर लानबाई पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या. त्यांच्या वडिलांच्याही कागदावर एक जानेवारी आहे म्हणाल्या, घरात कुणाला खरी तारीख माहीत नाही. मग भाऊसाहेबांकडे नीट पाहून त्या म्हणाल्या, तुम्ही माझ्या वडिलांपेक्षा मोठे, म्हणजे तुम्ही 'बाक'. बाक म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. भाऊसाहेबांनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं.

शेवटी त्यांनी टोपल्या पाहिल्या. उलट्या केल्या, काठावर अंगठा फिरवला, एक उन्हात धरली. मग हसून "येस, येस" म्हणाल्या, सगळ्यांना हात जोडले आणि गेल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. भाऊसाहेब रोज संध्याकाळी येत आणि तो होकार पुन्हा तपासायला घेत. दोनदा का म्हणाली? हसताना तिचे डोळे कुठे होते? आधी मान हलली की आधी तोंड? मी वैतागून म्हणे की मला काय ठाऊक, मी टोपली धरून उभा होतो. पण खोटं कशाला सांगू, मलाही धास्ती बसली होती. आश्विन गेला. दिवाळी आली आणि गेली. लानबाईंचा एक शब्दही आला नाही.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी सकाळी फाट्यावर ट्रक उभा राहिला. आम्ही पोचलो तेव्हा पाड्याची माणसं सामान बांधून उभी होती, पण कुणी चढत नव्हतं. सगळी भाऊसाहेबांची वाट बघत होती. सखूबाईने सरळ विचारलं, "भाऊसाहेब, ती बाय हो बोलली ती कसली हो? आमाला सांगा. तुमी बोलाल तसां करू."

भाऊसाहेबांना आयुष्यात कुणी असा प्रश्न विचारला नव्हता, जो वरिष्ठांकडे पाठवायची सोय नाही. छत्री या हातातून त्या हातात गेली. मग ते म्हणाले, "खरी हो आहे. नातं लावून गेली ती. मला बाक म्हणाली. नुसतं 'ऐकलं' म्हणायला कुणी नातं लावत नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या गाठोडी उचलून परत पाड्याकडे वळल्या. अकरा घरं वळली. लखमा आणि त्याचा भाऊ वळले नाहीत. लखमाने नातवाला ट्रकमध्ये चढवलं आणि भाऊसाहेबांपाशी येऊन अगदी सौम्यपणे म्हणाला, "राग नका मानू. पन भाऊसाहेब, तुमची हो पन आमी लय वरसां ऐकली." आणि तो चढला. ट्रक गेला.

परतीच्या वाटेवर भाऊसाहेबांनी मला सांगितलं. कचेरीतून दरवर्षी वर अहवाल जायचा आणि त्यात गावोगावच्या स्थलांतरित कुटुंबांचा एक रकाना असायचा. पाहणी व्हायची श्रावणात, तेव्हा सगळे घरीच. त्या रकान्यात भाऊसाहेब दरवर्षी स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहीत, 'निरंक', म्हणजे एकही नाही. दिवाळीनंतर काय होतं ते त्यांना माहीत होतं. लखमा एकदा कचेरीत येऊन म्हणाला होता, साहेब, आमचं जाणं लिवा, म्हणजे काम तरी इथं निघंल. भाऊसाहेब त्याला हो म्हणाले होते. पुढच्या वर्षीही म्हणाले होते. "ती 'ऐकलं'वाली हो होती, सर," ते म्हणाले. त्यांची थट्टा करण्यात मी इतकी वर्षं घालवली, पण त्या दिवशी मी नुसता शेजारून चालत राहिलो.

पुढचे नऊ दिवस ते जेवत होते की नाही देव जाणे. दहाव्या दिवशी माझ्या फोनवर लानबाईंचा निरोप आला. आईचं आजारपण निघालं, म्हणून उशीर झाला, माफी असावी. काम मात्र सांगितलं होतं त्याच्या निम्मंच दिलं होतं. सोबत एक फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, दोन वाढदिवसांच्या बाकना नमस्कार. भाऊसाहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. त्यात लानबाई, सखूबाई आणि ते स्वतः होते, आणि कडेला चौथा, तोंडात घास धरलेला लखमा.

निम्मं काम होळीपर्यंत पुरलं. पुढचं काम येणार की नाही, हे अजून कुणाला माहीत नाही, तरी त्या अकरा घरांतलं कुणी भट्टीवर गेलं नाही. परवा मी पाड्यावर गेलो, तेव्हा भाऊसाहेब आंब्याखाली बसून जुन्या अहवालाचा तक्ता हाताने आखत होते. कुठे पाठवायचा म्हणून विचारलं, तर म्हणाले, कुठेच नाही. घरं तेरा. मग तो रकाना आला. तिथे त्यांनी लिहिलं, 'दोन', आणि खाली दोघा भावांची नावं. बाकी सगळा तक्ता शाईने लिहिलेला आणि हे तेवढं पेन्सिलने. मी विचारलं, हे पेनने का नाही?

"खोडायचंय ना, सर, ते आले की," भाऊसाहेब म्हणाले. मग खिसा चाचपून त्यांनी मला दाखवलं. खोडरबर दोन आणले होते, कारण एक हरवणार याची त्यांना खात्री होती.