उशाशी बोगनवेल

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर शेजारच्या काकांनी प्लास्टिकचा कागद ताणून ग्रीनहाऊस उभारलं आहे. आत फक्त बोगनवेली. "काय फुललीय!" असं कुणी म्हटलं की ते लगेच सांगतात, "ती रंगीत पानं हो. फूल आत असतं, पांढरं, एवढंसं." कुंडीला ते कुणाला हात लावू देत नाहीत.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी त्यांच्याकडे एक कुंडी मागितली. त्यांनी घरी येऊन खिडकी पाहिली आणि "ऊन नाही, टिकणार नाही," म्हणून निघून गेले. मला रागच आला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बहरलेली कुंडी घेऊन आले आणि आईच्या उशाशी ठेवली. मग दर आठवड्याला ती वर न्यायचे, दुसरी आणायचे. असं वर्षभर चाललं.

आई गेल्यावर शेवटची कुंडी परत द्यायला मी गच्चीवर गेलो. त्यांनी मातीत बोट घातलं.

"आई पाणी घालायच्या ना?"

"हो, रोज. तांब्यातलं. जास्त व्हायचं का?"

"खूप. पुन्हा रंग यायला महिना लागायचा."

"मग तिला बोलला का नाहीत?"

"त्यांच्या हाताला तेवढंच काम उरलं होतं," ते म्हणाले आणि कुंडी उन्हात सरकवली.