नारूच्या वहीतला शेवटचा रकाना

जालन्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्याजवळ चार चिजा होत्या: कपड्यांची ट्रंक, सूक्ष्मदर्शक, उकळून गार केलेल्या पाण्याची सुरई आणि नारूची वही. मनमाडच्या पुढे निजामाची हद्द लागली तिथे करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने ट्रंक उपसली, सूक्ष्मदर्शक डोळ्याला लावून खिडकीबाहेर बराच वेळ पाहिलं, आणि काहीच दिसेना तेव्हा समाधानाने तो परत ठेवला. "बिलकुल बेकार चीज है, साहब," तो म्हणाला. पुढच्या दोन महिन्यांत त्याचं म्हणणं मला अधूनमधून पटत गेलं.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा जंत पाण्यावाटे पोटात जातो, वर्षभर अंगात गुपचूप वाढतो आणि मग बहुतेक पायालाच फोड आणून सुतळीसारखा बाहेर येऊ लागतो. ओढला तर तुटतो, तुटला तर पाय पिकतो. म्हणून तो काडीला गुंडाळून रोज बोटभर काढायचा. फोडाचा पाय पाण्यात बुडाला की नारू तिथे आपली पिलं सोडतो, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात आणि ते किडे माणसाच्या. इराणच्या दक्षिणेला याला 'पियूक' म्हणतात. तिथे काडी बोरूची असते, आपल्याकडे कडुलिंबाची. बाकी दुखणं तेच आणि कण्हणंही तेच.

मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेतर्फे निरनिराळ्या मुलखांतल्या नारूची तुलना करत होतो. माझं काम बघायचं आणि लिहायचं. वहीत पाच रकाने: नाव, वय, पाय कोणता, फोड कधीचा, आणि शेवटचा, पाणी कोण भरतो. या वहीत एकही ओळ ऐकीव किंवा अंदाजाने लिहिलेली नाही, हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगत असे.

भोकरदनला तहसील कचेरीत परवान्यावर शिक्का घेतला आणि हसनाबादच्या वाटेवरच्या एका गावी बैलगाडीने निघालो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कारण पुढे कळेल. चैत्र सरत आला होता. कापूस वेचून झालेली काळी रानं भेगाळून पडली होती आणि सावली म्हणावी तर बैलांच्या पोटाखाली तेवढी. केळणा नदीच्या कोरड्या पात्रात चाक धोंड्यावर चढलं, गाडी कलंडली आणि सुरईचा चुराडा झाला.

"सुरई गेली तर गेली, तुमी तर बचले न साहेब," गाडीवान म्हणाला.

गावाच्या तोंडाशी बारव होती. दगडी पायऱ्यांची, खोल, तळाशी हिरवट पाणी. माझ्या घशाला इतकी कोरड पडली होती की पायऱ्या कशा उतरलो ते आठवत नाही. शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात एक म्हातारा घागरी भरत होता. खांद्याला कावड. माझा चेहरा बघूनच तो समजला.

"ओंजळ धरा साहेब. थंडगार हाय."

त्याने घागर कलती केली आणि मी प्यालो. पोट भरेपर्यंत प्यालो. मग तो वर आला आणि मला त्याचा उजवा घोटा दिसला. चिंधीखाली कडुलिंबाची काडी, काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"पाडव्यापासून निघून राह्यलाय. दर साली येतो, न जातो."

दोन देशांत मी लोकांना न गाळलेलं पाणी पिऊ नका म्हणून सांगत फिरलो होतो. आता स्वतःला काय सांगणार? मी मनातल्या मनात तारीख टिपली आणि त्याच्यामागून गावात गेलो.

हा सुभाना कोळी, गावचा पाणक्या. वयामुळे मी त्यांना सुभानबा म्हणू लागलो. पाटील त्यांना सुभान्या म्हणत. माझा मुक्काम चावडीत होता. पाटलांकडून दोन वेळा भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी यायची. पहिला घास घेतला की डोळ्यांत पाणी यायचं आणि दुसरा घेतल्याशिवाय राहवायचं नाही. सुभानबा सकाळी माझा रांजण भरून जात. ते पाणी मी अर्थातच उकळून घेई. त्यांना वाटे मी फार चहा पितो.

आठ दिवस घरोघर हिंडलो. लोक हसतखेळत पाय दाखवत. एका बाईने तर आपला नारू सासूच्या नारूपेक्षा वीतभर लांब निघाल्याचं शपथेवर सांगितलं. रानात गेलेली माणसं ओढ्याचंही पाणी पीत, त्यामुळे कुणाला नारू नेमका कुठून लागला हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. पण संध्याकाळी वही उघडली की शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव दिसे. सुभाना. सुभाना. सुभाना.

फक्त एक घर निराळं होतं. चंपाबाई या सैतवाळ जैन विधवा, पेठेत त्यांचं किराणा दुकान. घरात नऊ माणसं, पाणी सुभानबांच्याच कावडीचं, आणि एकाही पायाला फोड नाही.

"पाणी गाळल्याबिगर आमच्यात चूळसुद्धा भरत न्हाईत," त्या म्हणाल्या. दुपदरी जाड कापडातून त्यांनी मला घागरभर पाणी गाळून दाखवलं. मग कापड उलटं करून गाळलेल्या पाण्याने हळूच एका लोट्यात खंगाळलं. "ही जिवाणी. यातले जीव बारवतले हायेत, ते बारवतच गेले पायजेत. सुभाना नेऊन सोडतो बराबर."

त्या लोट्यातला थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माझे किडे तिथे मजेत पोहत होते. चंपाबाईंनी डोळा लावला आणि पटकन मागे सरून हात जोडले. मी त्यांना म्हणालो, हे परत सोडू नका, फेकून द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्याच दिवशी दुपारी सुभानबा चावडीच्या पायरीवर येऊन बसले. पाटलांनी त्यांना काहीतरी ऐकवलं असावं.

"डाक्टरसाहेब, तुमच्या वहीत समद्यांपुढं माझंच नाव हाय म्हंतात."

"आहे."

"ही वही कुठं जाणार?"

"औरंगाबादेला. तिथून हैदराबादला."

"मंग मला पायरीवर उतरू देतील का?"

खोटं बोलायची मला सवय नव्हती. "नाही देणार, सुभानबा."

ते काही वेळ काडीवरची चिंधी सारखी करत राहिले. "तीन पिढ्या पाणी भरून राह्यलो आमी. खळ्यावर आमचा वाटा हाय. पायरी गेली का वाटा गेला. मंग म्या न म्हातारीनं खायचं काय?"

मला याच कामावर इराणात असताना भेटलेला एक सक्का (पाणी वाहणारा) आठवला. तिथेही शेवटच्या रकान्यात एकच नाव होतं आणि मी ते चोख लिहून दिलं होतं. सक्क्याला काढलं. नवा आला, त्याच्याही पायात पियूक होताच. परतताना जुना मला बाजारात हात पसरून बसलेला दिसला. त्याने मला ओळखलं आणि सलामही केला. त्या सलामाची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी पाटलांना गाठलं. "दुसरा पाणक्या आणतो, खतम," ते म्हणाले.

"त्याच्या पायाची हमी कोण देणार?" मी विचारलं. "चंपाबाईंच्या घरी हेच पाणी, हाच माणूस. मग तिथे नारू का नाही? माणूस बदलू नका, पाण्याला कापड लावा."

पाटील हट्टी असले तरी ऐकणारे होते. ठरलं ते असं: सुभानबांनी पाण्यात पाय घालायचा नाही, काठावरून दोराने घागर सोडायची आणि प्रत्येक दारात पाणी गाळूनच ओतायचं. चंपाबाईंनी कापड दिलं आणि गाळायचं कसं ते स्वतः शिकवलं. अट एकच, जिवाणी परत गेली पाहिजे. त्यासाठी कडी लावलेला लोटा त्यांनीच काढून दिला. तो काठावरून सोडला तरी पाण्याला टेकल्यावर अलगद कलतो.

मी सविस्तर अहवाल धाडला. निघायच्या आदल्या दिवशी औरंगाबादेहून उर्दू हुकूम आला. पाटलांनी तो वाचवून घेतला: सध्या इसम सुभाना याला राहू द्यावं, मात्र पुढच्या उन्हाळ्यातल्या वहीवरून बीमारी याच्याच हातच्या पाण्याने झाल्याचं एक जरी उदाहरण साबित झालं, तर त्याला बरतरफ करावं (कामावरून काढावं).

"म्हंजे काय?" सुभानबांनी विचारलं.

"म्हणजे वर्षभर सांभाळा," मी म्हणालो. पुढच्या उन्हाळ्यात जुने नारू निघणारच होते. पण ते ओढ्याचे की बारवेचे हे कोणाला साबित करता येणार नव्हतं. याचा मला दिलासा वाटला. निघताना त्यांनी मला गाळलेलं पाणी पाजलं, कापडाचे दोन्ही पदर दाखवून.

मुंबईला येऊन मी कागदांत बुडालो. वर्ष गेलं. चैत्रातच एका सकाळी डाव्या घोट्याला आग होऊ लागली, मग फोड आला, आणि तिसऱ्या दिवशी पांढरा दोरा. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय पाहिलेला माणूस मी. दुखतं म्हणजे किती दुखतं, ते तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात पाटलांचं मोडीतलं पत्र आलं. गावातल्या पायांची नवी यादी होती आणि खाली एक ओळ: सुभान्या एक दिस बी पाण्यात उतरला न्हाई, जिवाणी बराबर सोडतो, तुमची खुशाली विचारून राह्यलाय.

मी वही काढली. यादी उतरवली आणि शेवटी माझं नाव घातलं. वय. डावा पाय. फोडाची तारीख. मग हात थांबला. सबंध वहीत अशी दुसरी ओळ नव्हती. त्या मुलखात न उकळलेलं, न गाळलेलं पाणी मी एकदाच प्यालो होतो. दिवस माहीत, पायरी माहीत, घागर माहीत आणि माणूस माहीत. असा पक्का पुरावा मला दोन देशांत मिळाला नव्हता. तो छापला असता तर परदेशातल्या विद्वानांनी माझं नाव घेतलं असतं. औरंगाबादेच्या कचेरीला तर एवढंच हवं होतं.

काडीला बोटभर दोरा गुंडाळला, आणि 'पाणी कोण भरतो' या रकान्यात लिहिलं: 'स्वतः'.

त्या वहीतली तेवढी एक ओळ खोटी आहे.