आजचे इंटरनेट यांच्या स्मरणार्थ

किस्से गोळा करावे लागत नाहीत. एक समिती नेमावी, तिच्या हातात टेलिफोनचं बिल द्यावं आणि आपण गप्प बसावं. माळ्यावर रिकामी खोकी साठतात तसे ते आपोआप साठत जातात, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात. आमच्या बिबवेवाडीच्या शाळेची इंटरनेट समिती अशीच होती. त्या काळात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते आणि शाळेत इंटरनेट असणं म्हणजे अंगणात विमान उभं असल्यासारखं होतं.

समितीत आम्ही पाच जण. मुख्याध्यापिका भावेबाई अध्यक्ष. खजिनदार आप्पा, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, सदाशिव पेठेत एकटेच राहणारे आणि हाताची मूठ सहसा न उघडणारे गृहस्थ. पालक प्रतिनिधी इक्बालभाई, ज्यांचं भांड्यांचं दुकान आजोबांच्या काळापासून पुण्यात आहे. वानखेडे हा अमरावतीहून आलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर, हौसेनं मदत करणारा. आणि मी चिटणीस. मी भूगोल शिकवतो. चिटणीसपद मला का दिलं ते अजून कळलेलं नाही.

*

सुरुवात एका कंपनीनं केली. त्यांनी जुने कॉम्प्युटर दिले आणि वर्षभराचं इंटरनेट फुकट दिलं. उद्‌घाटनाला कंपनीचे एक साहेब आले. त्यांनी भिंतीवर चित्रं पाडून तासभर भाषण केलं. जग जवळ आलंय, खेड्यापाड्यातली मुलं पुढे जाणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा प्रकल्प ‘सस्टेनेबल’ असणार. हा शब्द इतक्यांदा आला की पुढच्या रांगेतली मुलं तो पाठ म्हणायला लागली.

शेवटी साहेबांनी विचारलं, “काही शंका?”

आप्पा उठले. “भाषण उत्तम झालं. दुसऱ्या वर्षी पैसे कोण देणार?”

साहेब हसून म्हणाले, “तोच तर सस्टेनेबिलिटीचा प्रश्न आहे!”

“हो, पण तो आम्ही विचारला,” आप्पा म्हणाले. “तुम्ही उत्तर द्यायला आला होतात.”

चहा लगेच मागवण्यात आला.

*

त्याच समारंभात भावेबाईंनी एक गोष्ट करून ठेवली. पालकांमध्ये मुलींच्या आया बऱ्याच होत्या. सायबर कॅफेत पडदे लावलेली खोकी असायची, तिथं मुलीला पाठवायला कुणाचं घर तयार नव्हतं. बाई माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या मुलींना कुठंही जायला लागणार नाही. शाळा ज्या दिवशी उघडी, त्या दिवशी इंटरनेट चालू. मी शब्द देते.”

आयांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी कपाळाला हात लावला. बाई कडक होत्या, पण दिलेला शब्द त्यांना रात्रंदिवस टोचत राहायचा, हे मी जवळून पाहिलंय. पुढं जे जे घडलं ते सगळं त्या एका वाक्यापायी.

*

शाळेत फोनची लाइन एकच. मुली इंटरनेटवर बसल्या की फोन एंगेज. शिक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्यांनी आम्हाला दोन दिवस फोन लावला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच अवतरले. चेहरा लालबुंद.

“तुमचा फोन बिघडलाय का?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “चालू आहे, म्हणून तर लागत नाही.”

साहेबांनी लॅबमध्ये डोकावून पाहिलं. एक मुलगी मंगळाचा फोटो उघडत होती. तो वरून खाली, एकेक रेघ करत, सावकाश उतरत होता. साहेब उभ्या उभ्या बघत राहिले. जाताना म्हणाले, “पूर्ण आला की मला कळवा.”

“कशानं कळवू?” बाईंनी विचारलं. “फोन एंगेज आहे.”

*

फुकटचं वर्ष संपत आलं तसे आम्ही देणगीदारांकडे जायला लागलो. आमच्या शाळेत देणगीची एक रीत आहे. पंखा दिला की पात्यावर नाव. कपाट दिलं की दारावर नाव. एका वर्गातले सगळे पंखे एकदम लावले तर तीन पिढ्यांची वंशावळ गरगर फिरते.

मार्केट यार्डातले एक व्यापारी लगेच तयार झाले. “देतो की! नाव कुठं टाकणार?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दर महिन्याच्या बिलावर नाव कुठं टाकणार?

वानखेडे उत्साहानं म्हणाला, “स्क्रीनवर टाकू ना जी! कॉम्प्युटर सुरू केला का तुमचं नाव येते!”

“आणि बंद केला की?”

“तं जाते.”

व्यापाऱ्यांनी विचार केला आणि शाळेला पाण्याचा कूलर दिला. तो आमचा चौथा कूलर होता. बिल तसंच राहिलं. पाणी मात्र आमच्या शाळेइतकं गार सबंध बिबवेवाडीत कुठं मिळत नव्हतं.

*

तोडगा इक्बालभाईंनी काढला. बैठकीत ते सहसा बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, “माझ्या दुकानासमोर दत्ताचं देऊळ आहे. तिथं रोज फळ्यावर वेगळं नाव असतं. ‘आजचा प्रसाद अमुक यांच्या स्मरणार्थ.’ लोकांनी एकदाच पैसे ठेवलेत, व्याजातून दर वर्षी त्या तिथीला प्रसाद होतो. लहानपणापासून बघतोय, एक दिवस बंद पडलेला नाही. देवळाला जमतं ते शाळेला का जमू नये?”

आप्पांचे डोळे चमकले. कायम ठेव म्हटलं की त्यांना तरुण झाल्यासारखं वाटायचं. “ज्याची तिथी, त्याच्या व्याजातून त्या दिवसाचं बिल,” ते म्हणाले. “फळा गेटवर लावायचा. मुद्दलाला हात लावायचा नाही.”

ज्या प्रश्नावर कंपनीच्या साहेबांनी तासभर भाषण केलं होतं तो दत्ताच्या देवळासमोर सुटला. पुढच्याच महिन्यात गेटवर फळा लागला. आजचे इंटरनेट, कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ. रस्त्यानं जाणारे लोक थांबून वाचायचे, काही जण नमस्कार करायचे.

*

फळा लागताच भागातला एक उमेदवार पुढारी आला. निवडणूक जवळ होती. म्हणाला, “रोज माझंच नाव लिहा. सगळं बिल माझ्याकडं लागलं.”

बाईंची चलबिचल झाली. पैसा मोठा होता. आप्पा मात्र शांतपणे म्हणाले, “आमचा नियम आहे. फळ्यावर फक्त कैलासवासी.”

असा नियम नव्हता. तो त्या क्षणी झाला.

“मग माझं काय?” पुढाऱ्यानं विचारलं.

“आपलं नाव राखून ठेवतो,” आप्पा म्हणाले. “काही घाई नाही.”

*

तिथीचं काम आम्हाला वाटलं तितकं सरळ नव्हतं. पहिल्या वर्षी निम्म्या लोकांनी पितृपक्षातलीच तिथी मागितली. सर्वपित्री अमावास्येला फळा पुरेना, खाली पुठ्ठा जोडावा लागला. पौष मात्र कोरडा ठणठणीत. बाईंनी घरोघर जाऊन लोकांना समजावलं की वडील ज्या दिवशी गेले तोच दिवस द्या. एका गृहस्थांनी सांगितलं, “पौषात कुणी जायला तयारच नसतं आमच्याकडे.”

पुढं व्याजाचे दर घसरले. आप्पा खिन्न होऊन म्हणाले, “गेलेल्या माणसांचंसुद्धा उत्पन्न कमी झालं हो या सरकारच्या काळात.”

*

एकदा भर तिथीला लाइन बंद पडली. रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली होती. नेमके त्या दिवशी देणगीदाराचे चिरंजीव वडिलांचं इंटरनेट बघायला आले.

“बाबांचा दिवस आणि बंद?” ते भडकले. “आयुष्यात त्यांनी कुणाला ताटकळत ठेवलं नाही!”

“उद्या लावून देतो,” मी म्हणालो. “उद्याचा दिवस बाबांच्या नावानं.”

“उद्या कुणाची तिथी आहे?”

मी बघून सांगितलं. ते त्यांचे सख्खे काका निघाले.

“शक्य नाही,” चिरंजीव म्हणाले. “त्या दोघांचं बोलणं नव्हतं.”

शेवटी वानखेडेनं संध्याकाळपर्यंत खटपट करून लाइन चालू केली. शाळा सुटली होती. चिरंजीवांनी एकट्यानंच बसून पाच मिनिटं क्रिकेटचा स्कोअर पाहिला, फळ्याला नमस्कार केला आणि समाधानानं घरी गेले.

*

इक्बालभाईंनी स्वतः अम्मींच्या नावानं दिवस घेतला होता. त्यांची तारीख मुसलमानी महिन्यांवर चालायची. आप्पांना ते झेपत नव्हतं. “इक्बालभाई, अहो एक दिवस ठरवून टाका. आमचे सगळे आपापल्या जागी बसलेत, तुमच्या अम्मीच तेवढ्या सरकतात.”

इक्बालभाई म्हणाले, “आप्पा, अम्मीला एका जागी बसायची सवयच नव्हती. असू द्या. कुठं भोक पडलं तर तिथं उपयोगी येईल.”

*

आणि ते भोक पडलं. अधिक महिना आला!

अधिकात कुणाचीच तिथी नसते. अधिकात गेलेल्या माणसाचं श्राद्धसुद्धा नंतरच्या निज महिन्यात होतं. टेलिफोन खातं मात्र अधिक मानत नाही. सबंध अधिक श्रावण कोरा, आणि शाळा रोज उघडी. बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, “सर, आपण भूगोल शिकवता ना? चंद्र त्यात येत नाही का?”

पुन्हा दारोदार फिरलो. अधिकात दान केल्याचं पुण्य मोठं, असंही सांगून पाहिलं. सगळीकडं एकच उत्तर: “यंदा जावयाला अधिकाचं वाण आहे हो, चांदीचं ताट द्यायचंय.” पुण्यातला सगळा पैसा त्या महिन्यात जावयांकडं वळला होता, आणि शाळेला जावई नसतो.

बैठक भरली. तेव्हा दिसलं की सबंध महिन्यात एकच दिवस भरलेला आहे. अम्मी सरकत सरकत नेमक्या अधिकात येऊन बसल्या होत्या.

“बाकीचं मी देते,” बाई म्हणाल्या. त्यांच्या निवृत्तीला वर्षभरच उरलं होतं, घरी यजमानांचं आजारपण. आवाज स्थिर होता, पण चेहरा बघवत नव्हता. मला फार वाईट वाटलं. “मी त्या आयांना शब्द दिलाय. मीच पाळायला हवा.”

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. “हा महिना किती वर्षांनी येतो?” त्यांनी मला विचारलं.

“साधारण तीन वर्षांनी.”

“तीन वर्षांनी एकदा म्हणजे मला परवडतं,” आप्पा म्हणाले. “अम्मींचा दिवस सोडून सगळा अधिक माझ्याकडं लावा. ठेव उद्या करतो.”

मी चिटणीस, म्हणून विचारलं, “नाव कुणाचं लिहू?”

“माझं. आणि नियमाप्रमाणे कै. लावा. हयात माणसाचं नाव चढलं की उद्या तो पुढारी पुन्हा दारात उभा राहील.”

“अहो आप्पा, काहीतरीच काय!” बाई म्हणाल्या.

“त्यात काय? आगाऊ भरतोय. आमच्यामागं भरायला कोण आहे?”

आप्पांना मूलबाळ नव्हतं. समितीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी ठरावावर सही केली आणि चष्मा पुसत बसल्या.

वानखेडे तेव्हा कंपनीच्या कामाला बंगलोरला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो परतला, शाळेपाशी आला आणि फळा वाचला. आत न येताच त्यानं रिक्षा केली, मंडईतून हार घेतला आणि रडत रडत सदाशिव पेठेत जिना चढला.

दार आप्पांनी उघडलं.

“काका!” वानखेडे किंचाळला. “तुमी तं जिते हाय ना जी!”

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, हाराकडं पाहिलं. हार ताजा होता.

“आत या. तो तिथं खुर्चीवर ठेवा,” आप्पा म्हणाले. “बसा. चहा मात्र मिळणार नाही. सुतक आहे.”

त्या महिन्यात आप्पा रोज बस पकडून शाळेत येत होते. आधी गेटवर उभं राहून फळ्यावरचं आपलं नाव नीट लिहिलंय का बघायचे, मग लॅबच्या दारात येऊन थांबायचे. महिना संपायच्या दिवशी मी तिथंच होतो. नववीतली एक मुलगी त्यांना रोज बघून ओळखायला लागली होती. तिनं विचारलं, “आजोबा, ते फळ्यावर महिनाभर नाव आहे, ते कोण होते हो?”

“होता एक म्हातारा,” आप्पा म्हणाले. “फार कटकट्या.”

“मग त्यांचं नाव कशाला लिहिलंय?”

आप्पा वाकले आणि तिच्या स्क्रीनकडं बघायला लागले. एक चित्र वरून खाली, रेघ रेघ करत उतरत होतं.

“चालू आहे ना?”

“चालू आहे.”

“मग झालं तर.”