दारासमोरचं पाणी

आमच्या दारातून गावतळं दिसतं. संध्याकाळी वडील बांधावरून परतत, तेव्हा आईला आधी पाण्यातली त्यांची सावली दिसायची आणि ती चहाचं आधण ठेवायची.

तळ्यात जलपर्णी आईनेच आणली. नेवाशाला नदीकाठी तिला ते जांभळं फूल आवडलं. एक रोप डब्यात घालून तिने मिरजगावपर्यंत एसटीने आणलं, तिथून चालत गावात, आणि तळ्यात सोडलं. काही वर्षांत पाणी दिसेनासं झालं. ही गोष्ट आम्हा तिघांनाच माहीत होती.

वडील वारले. पुढे गुडघ्यांमुळे आई दारातल्या खाटेवरच बसून असायची. "एकदा पानी दिसू दे," एवढंच म्हणायची.

गेल्या मार्चमध्ये मी वर्तमानपत्रातल्या नोकरीतून सुट्टी काढून आलो. शेजारी आणि मी जाड दोरखंडाची दोन टोकं धरून समोरासमोरच्या काठांनी चाललो. मधली जलपर्णी ओढत कोपऱ्यात नेली, दाताळ्याने वर काढली. दारासमोरचा पट्टा मोकळा होईपर्यंत दिवस मावळला. आईला म्हणालो, "आता सकाळी बघ."

सकाळी पट्टा हिरवा होता. वारा सुटला होता आणि पलीकडची उरलेली जलपर्णी सरकत इकडे आली होती. तिला अडवायला आम्ही काहीच बांधलं नव्हतं. आईने पाहिलं आणि तोंड आत वळवलं.

"पेपरवाले, पान्याला फाटक लावायचं ऱ्हायलं," शेजारी म्हणाला.

तेलाचे रिकामे कॅन दोरखंडाला ओळीने बांधून आम्ही तो तळ्यावर आडवा ताणला, आणि अलीकडची जलपर्णी पुन्हा उपसली. चार वाजता दारात चहा घेताना शेजारी म्हणाला, "ही पीडा ज्यानं आनली, त्याला उलटा टांगला पायजे."

"मीच आनली. टांग," आई म्हणाली.

तो चहा सांडेपर्यंत हसला. "मावशी, तुमी बी लई थापा मारता."

आई हसली नाही. ती पाण्याकडे बघत होती. पट्टा मोकळाच राहिला होता.

ऊन उतरल्यावर शेजारी बांधावरून आपल्या वस्तीकडे निघाला. पाण्यात त्याची सावली चालू लागली. आई खाटेवर ताठ बसली.

"चहा ठेव," ती म्हणाली.

चहा नुकताच झाला होता. मी आत जाऊन पुन्हा आधण ठेवलं.