ठाण्यात जमा झालेलं स्वस्तातलं पिस्तूल

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. परवा सुनेने शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासाने ती पुन्हा समोर आली. तेव्हा निवडणूक लागली होती आणि आम्ही परवानावाले आपापली हत्यारं जमा करायला पोलीस ठाण्याच्या ओट्यावर उन्हात बसलो होतो. सगळ्यांची पिस्तुलं स्वस्तातली, त्यामुळे गप्पा त्यांच्याच. "माह्यं तं तिसऱ्या गोळीलेच अडकते," एक जण म्हणाला. "मंग चोराले थांब म्हनतं काय बे?" दुसरा हसला. शेजारी कापसाच्या जिनिंगवर पहारा करणारा निवृत्त फौजी होता. त्याने फडक्यातून तेलाने चकाकणारं पिस्तूल काढलं. त्यावरचा नंबर झिजला होता. "जुनं घेतलं पाटील, पन एकडाव बी अडकलं नाही." सगळ्यांत स्वस्त, आणि अडकत नाही? मला संशय आला. खरं तर हा मजुराच्या घरातला माणूस आमच्या बरोबरीने बसला, हेच मला खुपत होतं. मी ठाण्यातल्या जमादाराच्या कानाशी लागलो, "फौजीचं गावठी वाटते, बिनपरवान्याचं, पाहून घ्या." पिस्तूल तपासणीला गेलं. निवडणुकीनंतर आमची हत्यारं परत मिळाली, त्याचं अडकून पडलं. हत्याराविना पहारेकरी कशाला, म्हणून जिनिंगवाल्याने त्याला काढलं. पुढे ते पिस्तूल रीतसर परवान्याचंच निघालं. नंतर एकदा तो चिखलीच्या गाडीत माझ्याशेजारी बसला. "काऊन पाटील, बोलून नाही राह्यले? तब्येत बरी नाही काय?" "ऊन लागलं," मी म्हणालो. अमडापूरला तो उतरला. आता तो हयात नाही. "चुगली मी केली, भाऊ, माफ कर," एवढंच मला म्हणायचं होतं.